हॉलिडे मेंबरशिपमधून सुटका: अनगोळच्या एका घराचं प्रकरण

मे २०२४ मधली रविवारची संध्याकाळ. बेळगावातल्या अनगोळच्या काकू माझ्याकडे आल्या त्या एकट्याच. हातात बाजाराची पिशवी, तिच्यात एक जाड चकचकीत फाइल आणि वर चार घड्या घातलेला एक रंगीत प्रिंट. "ताई, हा कागद खरा की खोटा तेवढं बघून सांगा. मी आल्याचं ह्यांना म्हाईत न्हाई," म्हणाल्या.

प्रिंटवर रिझर्व्ह बँकेची मुद्रा होती, गोल शिक्का होता, कुणा अधिकाऱ्याची सही होती. मजकूर इंग्रजीत. तुमच्या मेंबरशिपच्या विक्रीचे ३,१०,००० रुपये आमच्याकडे अडकले आहेत, 'क्लिअरन्स'चे ३८,५०० भरा, २४ तासांत रक्कम खात्यात जमा होईल. मी बेळगावात २० वर्षं बँकेत आहे, त्यातली बरीच क्लिअरिंग आणि मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापून घ्यायची लेखी परवानगी, यांच्या टेबलावर गेली. रिझर्व्ह बँक कुणाच्या घरगुती व्यवहाराचे पैसे धरून ठेवत नाही आणि ते सोडायला फीही मागत नाही. कागद खोटा हे सांगायला एक मिनिट लागलं. पण त्या कागदामागे जे होतं ते निस्तरायला पुढचे अकरा महिने गेले. काका-काकूंची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं काढून ते इथे लिहिते आहे, कारण अशा फायली आपल्या भागात अनेक घरांच्या कपाटात आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

खरेदीची दुपार

काका उद्यमबागेतल्या एका मशिन शॉपमध्ये टर्नर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. काकू घरी शिवणकाम करतात. मुलगी लग्न होऊन पुण्याला. नोव्हेंबर २०२२ मध्ये घरगुती वस्तूंच्या एका प्रदर्शनात काकूंनी लकी ड्रॉचं कूपन भरलं. आठवड्याभरात फोन आला: बक्षीस लागलंय, न्यायला नवरा-बायको दोघांनी या, येताना आधार आणि डेबिट कार्ड आणा.

दोघांनीच का यायचं, हे तेव्हा त्यांना विचारावंसं वाटलं नाही. एकटा आलेला माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून उठू शकतो. दोघं असली की ती वाट बंद होते. ही अट कानावर आली की मी आता समोरच्याला तिथेच थांबवते.

हॉटेलच्या हॉलमध्ये गाणी मोठ्याने लावलेली, प्रत्येक जोडप्याला वेगळं टेबल, आणि समोर 'काका-काकू' म्हणत गोड बोलणारा एक मुलगा. कुठे कुठे फिरलात, असं त्याने विचारलं. काकूंनी सरळ सांगितलं की चोर्ला घाट उतरून गोव्याला दोनदा गेलोय, त्यापलीकडे काही बघितलेलं नाही. पुढचे तीन तास त्या मुलाने हेच वाक्य काकांपुढे फिरवून फिरवून ठेवलं. आयुष्यभर कारखान्यात राबलात, काकूंना काय दाखवलंत? त्यांच्या हॉलिडे मेंबरशिपची किंमत आधी ३,४०,००० होती, मग मॅनेजर आले आणि 'आजच्या आज' असेल तर २,२५,००० झाली. मुदत २५ वर्षं, दर वर्षी रिसॉर्टमध्ये सहा रात्री. ४५,००० तिथेच कार्ड घासून घेतले. उरलेल्या १,८०,००० चे दरमहा ५,००० प्रमाणे ३६ हप्ते, त्यासाठी बँक मॅन्डेटवर सही. १४ पानी इंग्रजी करारावर काकांनी सही केली आणि सह-सदस्य म्हणून काकूंनीही. बक्षीस म्हणून तीन रात्रींचं व्हाउचर मिळालं, ते वापरायचं तर वेगळी प्रोसेसिंग फी होती. ते तसंच पडून राहिलं.

काकांना कुणी भोळं म्हणू नये. मायक्रोमीटर लावून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजण्यात त्यांची ३५ वर्षं गेली. त्या हॉलमध्ये त्यांचा हिशेब चुकला नव्हता. बायकोला काही द्यायचं राहून गेलं, ही त्यांची रुखरुख तिथे बरोबर पकडली गेली.

हाती काय आलं

आपल्याकडे 'रिसॉर्टमध्ये हिस्सा घेतलाय' असं म्हणतात, पण बहुतेक मेंबरशिपमध्ये हिस्सा वगैरे काही नसतो. मिळतो तो ठरलेल्या हंगामात ठरलेले दिवस खोली वापरण्याचा हक्क, तोही खोली शिल्लक असेल तर. काकांनी मे २०२३ साठी गोवा मागितलं, खोली नाही. दिवाळीला महाबळेश्वर मागितलं, खोली नाही. मधे जुलैत, भर पावसात, दुसऱ्याच एका ठिकाणी दोन रात्री मिळाल्या. काकूंना आठवतं ते एवढंच की तिथे कपडे वाळले नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये वार्षिक देखभालीचं, म्हणजे एएमसीचं बिल आलं. ९,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १०,६२०. गेलात तरी भरायचं, न गेलात तरी भरायचं. मी काकांना नंतर एक गुणाकार करून दाखवला. हे बिल २५ वर्षांत एक रुपयाही वाढलं नाही असं धरलं तरी २,६५,५०० होतात, म्हणजे मूळ किमतीहून जास्त. आणि करारात तर ते दर वर्षी वाढवायची मुभा कंपनीला होती. टेबलावरच्या मुलाने एएमसीचा उल्लेख केला होता का? काका म्हणतात, "केला असंल. गाणी वाजत होती."

दुसरा फोन

एप्रिलमध्ये एका 'रीसेल' कंपनीच्या बाईंचा फोन आला. मराठी स्वच्छ, बोलणं अदबशीर. काकांचं नाव, मेंबरशिप नंबर, कुठल्या महिन्यात घेतली, सगळं त्यांना ठाऊक. मेंबरशिप वापरायला जमत नाही ना? एक कॉर्पोरेट खरेदीदार तयार आहे, ३,१०,००० देईल. फक्त फाइल चार्ज ४,९९९, तोही परत मिळणारा.

काकांनी यूपीआयने भरले. मग 'विक्री करार' आला, रंगीत, वर खरेदीदार कंपनीचं नाव. मग निरोप आला की ३,१०,००० वर १८ टक्के जीएसटी आधी भरावा लागतो, ५५,८००. काका एवढे नाहीत म्हणाले, तेव्हा बाई म्हणाल्या, मी साहेबांशी बोलून निम्मं करून घेते. शुक्रवारी काकांनी २७,९०० एका बचत खात्यावर टाकले. खातं कुणा माणसाच्या नावावर होतं, कंपनीच्या नाही. शनिवारी रिझर्व्ह बँकेचं ते पत्र आलं. त्या रात्री काका जेवले नाहीत म्हणून काकूंनी फोन बघितला, आणि रविवारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. ४,९९९ गेले म्हणून २७,९०० द्यायचे, ते गेले म्हणून ३८,५००. आणि मुळात ज्याचे सव्वा लाख अडकलेत त्यालाच हे फोन येतात. ज्याने कधी मेंबरशिप घेतलीच नाही, त्याला सुटका कोण विकणार?

दोन गोष्टी मात्र कुणालाही तपासता येतात. वापरलेली मेंबरशिप मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने कुणी घेत नाही. आपल्याकडे अशा मेंबरशिपला बाजार जवळजवळ नाही आणि नाव बदलायचं तर मूळ कंपनीचा फॉर्म, मूळ कंपनीची संमती लागते. दुसरं, विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात. खरेदीदाराकडून येणाऱ्या रकमेसाठी विकणाऱ्यानेच आधी एखाद्या माणसाच्या खात्यात 'जीएसटी' भरायचा, असा कर भारतात कुठेच नाही.

आधी १९३०, बाकी सगळं नंतर

त्या संध्याकाळी मी कराराची फाइल उघडलीच नाही. काकूंच्या फोनवरून १९३० लावला, सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी हेल्पलाइन. तिकडून विचारतात ते हाताशी हवं: कुठल्या खात्यातून, कुठल्या खात्यात, किती, कधी, आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र नंबर. तो नंबर बँकेच्या मेसेजमध्ये किंवा यूपीआय ॲपच्या इतिहासात असतो. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू सीईएन पोलीस ठाण्यात गेले. सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारं हे वेगळं ठाणं असतं.

दोन दिवस उलटले होते, त्यामुळे बरंचसं पुढच्या खात्यांत गेलं होतं. २७,९०० पैकी ११,४०० त्या खात्यात सापडले आणि बँकेने रोखून धरले. शुक्रवारीच, तासाभरात फोन केला असता तर बहुधा जास्त वाचले असते. रोखलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, तेव्हा मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करून आदेश घ्यावा लागत होता. तो अर्ज पोलिसांनी दिलेल्या कागदांवर पुढे केला.

बँकेत मला नेहमी विचारतात, "तुमचा नियम आहे ना, तीन दिवसांत कळवलं की पैसे परत?" रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं ते परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. काकांनी स्वतः पिन टाकून पैसे पाठवले होते. फसवून पाठवायला लावले हे खरं, पण त्या परिपत्रकाचं संरक्षण तिथे पोचत नाही. हे सांगताना मला फार वाईट वाटतं, पण खोटी आशा देऊन चालत नाही.

ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली. काकांचं कन्नड कारखान्यापुरतं, काकूंचं बरं. काकूंनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवायला सांगितलं आणि एक आकडा चुकला होता तो दुरुस्त करून घेतला. एफआयआर झाला की तक्रारदाराला वाचून दाखवणं आणि त्याची प्रत फुकट देणं कायद्यात आहे. भाषेमुळे आपली माणसं इथे मागे सरतात. सरू नये.

काका मात्र तीन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते एक वही घेऊन. कुठल्या तारखेला किती दिले, कुणाचा फोन, काय बोलणं झालं, सगळं मशिन शॉपच्या लॉगबुकसारखं नीट रकाने आखून लिहिलेलं. मान खाली होती. म्हणाले, "आता करार बघूया."

करार वाचताना

१४ पानं वाचायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. मी एका कागदावर फक्त नावं लिहिली: या करारात कोण कोण आहे? एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला काका आणि काकू. बस्स. हा करार सोडवू शकतील ते हेच पक्ष, नाहीतर कायद्याने नेमलेलं न्यायपीठ. रीसेलवाल्या बाई, 'एक्झिट कन्सल्टंट', 'टाइमशेअर वकील मंडळ' (टाइमशेअर म्हणजे अशीच मेंबरशिप), यांची सही या कागदावर नाही, तेव्हा त्यांच्या सहीने तो सुटणारही नाही. मला या प्रकरणात सांगायचं ते एवढंच आहे, बाकी सगळं याच्याच खाली येतं.

सापडलं ते असं. करार रद्द करायला दहा दिवसांची मुदत होती, सहीच्या तारखेपासून. वेलकम किट, ज्यात कराराची पूर्ण प्रत आणि ही अट छापलेली होती, ते कुरिअरने आलं १९ व्या दिवशी. काकूंनी पाकीट जपून ठेवलं होतं, त्यावर तारखेचं लेबल होतं. हे पाकीट पुढे आमचा सगळ्यात भक्कम कागद ठरलं. युरोपियन युनियनमध्ये टाइमशेअर करारातून माघार घ्यायला कायद्यानेच १४ दिवस मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, कंपनी करारात जेवढे दिवस देईल तेवढेच.

वाद झाल्यास लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणारा, नेमायचा आणि न्यायक्षेत्र कंपनीच्या शहरात, अशीही अट होती. ती वाचून काकांनी फाइल मिटली होती. पण लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे अनगोळच्या माणसाने बेळगावातच दाद मागायची.

एक फरक इथेच सांगून टाकते, कारण सीमाभागात याचा गोंधळ फार आहे. काही योजनांत खोलीच्या रात्री हे फक्त निमित्त असतं. वापरल्या नाहीत तर ठरावीक वर्षांनी वाढवून पैसे परत, हे खरं आमिष. पॅनकार्ड क्लब्जची योजना अशीच सामूहिक गुंतवणूक ठरवून सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि गुंतवणुकीच्या नियामकाने, फेब्रुवारी २०१६ मध्ये ती गुंडाळून लोकांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला होता. तुमच्या कागदावर असा परतावा लिहिलेला असेल तर तो विषय सेबीचा आणि दावा मागवणाऱ्या अधिकाऱ्यांचा. काकांच्या करारात परताव्याचं काही नव्हतं, ती नुसती सेवा होती, म्हणून वाट ग्राहक आयोगाची.

हप्ता कसा थांबवायचा

काकांच्या पुतण्याने सल्ला दिला होता: खातं रिकामं ठेवा, हप्ता आपोआप बंद. हा सल्ला मी टेबलावर बसून शेकडो वेळा ऐकलाय आणि त्याचे परिणामही बघितलेत. शिल्लक नाही म्हणून मॅन्डेट परत गेलं की बँक दर वेळी दंड लावते. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली, अपुऱ्या शिलकीमुळे परत गेलेलं मॅन्डेट हा चेक बाउन्ससारखाच गुन्हा होऊ शकतो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. वाद आहे म्हणून पैसे थांबवणारा माणूस आणि खात्यात पैसे न ठेवणारा माणूस, कागदावर हे दोघं वेगळे दिसले पाहिजेत.

म्हणून आधी हे बघितलं की हप्ता नेमका कुणाकडे जातो. मॅन्डेटवर लाभार्थी म्हणून कंपनीचंच नाव होतं, मधे फायनान्स कंपनी नव्हती. म्हणजे हे कर्ज नव्हतं, किमतीचा हप्ता होता. जिथे फायनान्स कंपनी किंवा क्रेडिट कार्डचा ईएमआय असतो, तिथे हप्ता थांबला की सिबिल बिघडतं आणि कंपनीशी वाद असला तरी कर्ज देणारा आपला हप्ता सोडत नाही. तिथे मी वेगळा सल्ला दिला असता: हप्ता भरत राहा आणि तक्रारीत ती रक्कम मागा.

जूनमध्ये कंपनीला लेखी नोटीस गेली, ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह. आम्ही सेवेतल्या त्रुटीमुळे मेंबरशिप रद्द करत आहोत, हप्त्याची संमती मागे घेत आहोत, भरलेली रक्कम परत करा. नोटिशीची प्रत जोडून काकांनी आपल्या शाखेत मॅन्डेट रद्द करायचा अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. तोवर जूनचा हप्ता गेलाच होता. एकूण १८ हप्ते झाले, ९०,०००. सुरुवातीचे ४५,००० आणि एएमसीचे १०,६२० धरून १,४५,६२०.

खात्यात मात्र शिल्लक ठेवली. पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स पुढे तक्रारीला जोडली.

आयोगाकडे

कंपनीचं उत्तर जुलैत आलं. दहा दिवसांची मुदत संपली आहे, परतावा नाही, उलट थकबाकी भरा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण तक्रार कंपनीच्या दुसऱ्या टेबलावर जाते आणि तिथला माणूस जरा वेगळं बोलतो. या वेळी उत्तर आलं की पुढचे हप्ते माफ, मेंबरशिप रद्द, परतावा शून्य. काकू म्हणाल्या घेऊन टाकू. काका नको म्हणाले. मीही नको म्हणाले, पण तो निर्णय माझा नव्हता, आणि हे मी तेव्हाही सांगितलं.

घड्याळ चालू होतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. खरेदी नोव्हेंबर २०२२ ची. पुढे खोल्या नाकारल्या तिथून मुदत मोजावी, असं म्हणता आलं असतं, पण म्हणता येईल यावर विसंबून राहण्यात अर्थ नसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तक्रार दाखल केली.

ओळखीच्या एका वकिलांनी मसुदा बघून एक गोष्ट खोडली, आणि ती महत्त्वाची होती. मी उत्साहाने 'अन्याय्य करार' असा मथळा दिला होता. नव्या कायद्यात ही कल्पना आहे, पण अन्याय्य कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे, जिल्ह्याला नाही. तसं लिहिलं असतं तर प्रकरण बेळगावातून उचलून बेंगळुरूला गेलं असतं. म्हणून मांडणी बदलली: सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा. बक्षिसाचं आमिष दाखवून ते तसं न देणं आणि त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे परत करायला नकार देणं, दोन्ही कायद्यातल्या अनुचित प्रथेच्या व्याख्येत बसतं.

पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. वकील हवाच असंही नाही, स्वतः उभं राहता येतं. ईमेल आणि व्हॉट्सॲपचे प्रिंट जोडले आणि त्यांच्यासोबत नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. जोडलेले पुरावे थोडकेच होते: १९ व्या दिवसाचं पाकीट, खोली नाकारल्याच्या दोन ईमेल, काकांची वही, शिल्लक दाखवणारं पासबुक. टेबलावर तोंडी दिलेली आश्वासनं आम्ही लिहिली, पण त्यांच्यावर भर दिला नाही. करारात 'तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत' असं कलम असतंच, आणि तारीख छापलेलं पाकीट तोंडी साक्षीपेक्षा जास्त बोलतं.

नोटीस मिळाल्यावर समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस असतात, फार तर आणखी १५. कंपनीच्या वकिलांनी शेवटच्या दिवशी उत्तर दिलं. नंतरच्या तारखेला प्रकरण आयोगाच्या मध्यस्थी कक्षाकडे गेलं.

तडजोड

मध्यस्थीत कंपनी ४०,००० वर आली, मग ६५,००० वर, मग ८२,००० वर थांबली. मला वाटत होतं की निकालापर्यंत जावं, पाकिटावरच्या तारखेवर पूर्ण परतावा मिळण्याची चांगली शक्यता होती. काकूंनी वेगळा हिशेब मांडला. निकाल लागेल, मग अपील होईल, मग वसुलीचा अर्ज. "ह्यांची झोप परत यायला पायजे ताई, पैशाचं बघता येईल." काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ८२,००० ला हो म्हणाले. १,४५,६२० पैकी ६३,६२० गेले. हा त्यांचा निर्णय आहे आणि मी त्याचा आदर करते.

तडजोडीच्या कागदावर मात्र आम्ही तीन तास घासाघीस केली. पहिल्या मसुद्यात फक्त काकांचं नाव होतं. करारावर काकूंचीही सही असल्यामुळे उद्या सह-सदस्य म्हणून एएमसीचं बिल काकूंच्या नावे येऊ शकलं असतं. दोघांचीही नावं घातली. मागची-पुढची कसलीही थकबाकी नाही, वारसांवरही नाही, असं स्पष्ट वाक्य घातलं. मॅन्डेट कंपनीकडूनही रद्द झाल्याची नोंद घातली. रक्कम ३० दिवसांत थेट काकांच्या खात्यावर, चेक नाही, व्हाउचर नाही, 'अपग्रेड' नाही. मुलीने पुण्याहून फोनवर प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतली. सह्या मार्च २०२५ मध्ये झाल्या, पैसे एप्रिलमध्ये जमा झाले.

त्यानंतरचे फोन

एप्रिलनंतर काकूंच्या फोनवर आणखी फोन आले. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर पुन्हा पुन्हा विकला जातो, हे आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पहिला फोन 'लीगल रिकव्हरी'वाल्याचा, कंपनीकडून उरलेले ६३,००० काढून देतो, आगाऊ पाच हजार द्या. काकूंनी ठेवून दिला.

दुसरा सायबर सेलमधून बोलतोय म्हणाला. तुमचे गेलेले ३२,८९९ पूर्ण सापडलेत, कोर्टाच्या स्टॅम्पसाठी १,५०० पाठवा. आकडा अगदी बरोबर होता, ४,९९९ आणि २७,९००. काकू दुपट्ट्याला गोट लावत होत्या. मशिन थांबवून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "याव स्टेशन री? निम्म हेसर हेळ्री." (कुठलं स्टेशन? तुमचं नाव सांगा.) पलीकडचा हिंदीत काहीतरी बोलला आणि फोन कापला.

त्यांनी तो नंबर गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला, पहिल्याच्या खाली. संध्याकाळी मुलीने पुण्याहून दोन्ही नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षु' सोयीत टाकले. ११,४०० सोडण्याचा आदेश त्यानंतर महिन्याभराने मिळाला. तो घेऊन बँकेत काकाच गेले, एकटे, आणि येताना पासबुकात नोंद करून आणली.